मंगळवारचा अर्धा डाव

कॅरममध्ये माझा हात अगदीच बेकार आहे, हे आधीच सांगून टाकते. सोंगटी होलच्या तोंडाशी उभी असली तरी मी तिला बरोबर उलट्या दिशेला पाठवते. तरीही महापालिकेच्या रुग्णालयात मी जितका कॅरम खेळले, तितका आमच्या विक्रोळीच्या मंडळातल्या पोरांनीही खेळला नसेल. तोही ड्युटीच्या वेळेत, आणि साहेबांना माहीत असताना.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होते. म्हणजे डॉक्टर नव्हे. गोळ्या लिहून देणं हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम, माझं काम पेशंटशी बोलायचं, आणि बोलण्यापेक्षा जास्त ऐकायचं. आमचं कुटुंब बौद्ध, मूळचं लातूरकडचं. वडील विक्रोळीच्या कारखान्यात लागले आणि मुलांनी शिकायचं, बाकी काही नाही केलं तरी चालेल, असा घरात कायदा झाला. मी डॉक्टर व्हावं असं त्यांना फार वाटायचं. झाले सायकॉलॉजिस्ट. पण ते शेवटपर्यंत शेजारीपाजारी सांगत राहिले, "डॉक्टरच आहे, फक्त सुई टोचत नाही." सासूबाईंचा हिशेब आणखी साधा होता. सून काय करते, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "दवाखान्यात बसून गप्पा मारते. त्याचेही पैसे देतात म्हणे."

त्या गप्पा बहुतेक वेळा अशा माणसांशी असायच्या, ज्यांनी स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला होता आणि जी वाचली होती. आधी ती मेडिकल वॉर्डात असतात. शरीर धोक्याबाहेर आलं की तिथून आमच्या विभागाला निरोप येतो आणि आम्ही जातो. तिथे पहिला शब्द कानावर पडतो तो 'चुकून'. बायको म्हणते चुकून झालं, भाऊ म्हणतो चुकून झालं, पेशंटही छताकडे बघत तेच म्हणतो. आता कायदा बदललाय, अशा माणसाला कुणी गुन्हेगार धरत नाही. पण शेजारी काय म्हणतील याचा कायदा अजून कुठे बदललाय? भेटायच्या वेळेत नातेवाईक येतात ते हातात शहाळं आणि तोंडात शिव्या घेऊन. "आमचा काही विचार केलास का रे?" असं म्हणत म्हणत त्याला पाणी पाजतात. मला दोन्ही खरं वाटायचं, रागही आणि शहाळंही.

आमचं पहिलं हत्यार म्हणजे एक सरळ प्रश्न: मरावंसं वाटतं का? नवीन शिकायला आलेल्या मुली हा प्रश्न विचारायला घाबरायच्या. "मॅडम, विचारलं तर डोक्यात येईल ना?" अगं, ते डोक्यात आहे म्हणून तर तो माणूस इथे आहे. विचारल्यानं विचार येत नाही. उलट कुणीतरी न घाबरता विचारतंय म्हटल्यावर माणूस मोकळा होतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यात मला आता शंका उरलेली नाही.

जे बोलायचं नाही तेही ठरलेलं असतं. आयुष्य किती सुंदर आहे, असलं काही नाही. एकदा कुठल्याशा मंडळाच्या बाई फळं वाटायला आल्या होत्या. त्यांनी मुलुंडच्या एका पेशंटला हे ऐकवलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तुमचं असेल हो." मला हसू आवरेना. आम्ही फक्त इतकंच समजावतो की ही इच्छा कायम एकाच जोरावर राहत नाही, भरतीसारखी चढते आणि उतरते. ती चढलेली असताना कुणाजवळ जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, घरातल्यांनी काय काय कुलपात ठेवायचं, हे आधीच सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तो तास निभावला तर माणूस बहुतेक वेळा वाचतो. उपचार नंतर सावकाश होतातच.

पण सावकाश होण्यासाठी तो परत यावा लागतो, आणि आमचं सगळं अडतं ते इथेच. डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना वाटतं, झालं, सुटलो. पेशंटला वाटतं, आता कुठे पुन्हा त्या वेड्यांच्या ओपीडीच्या खिडकीवर उभं राहायचं. आमची ओपीडी मंगळवारी असायची. मी प्रत्येकाला बजावायची, "मंगळवारी या हं." मान सगळेच हलवायचे.

अशात दळवी आले.

वसंत दळवी, पन्नाशीतले, कोकणातले, राहायला घाटकोपरला. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. ते खातं बंद झालं आणि दळवी एका टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीच्या खुर्चीत बसू लागले. लोक विचारतात, त्यांनी तसं का केलं? एकच कारण विचारू नका. नोकरी गेली हे होतं, झोप गेली हे होतं, आजार हळूहळू चढत गेला आणि घरात कुणाला तो आजार आहे हे कळलं नाही, हेही होतं. नोकऱ्या खूप जणांच्या जातात.

मी मेडिकल वॉर्डात गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"मॅडम, लेक्चर नको."

"नाही देत. मला येतही नाही."

मी स्टूल ओढून बसले. मी विचारलं, "मरावंसं वाटत होतं का?"

ते तसेच पडून म्हणाले, "होतं नाही. आहे."

त्या 'आहे'बद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. 'चुकून' म्हणाले असते तर मला कामाला सुरुवातच करता आली नसती.

त्यांना आमच्या वॉर्डात हलवलं. डॉक्टरांनी औषधं सुरू केली. मी रोज बसायची. दळवींची उत्तरं 'हं' आणि 'नाही' यांच्या पलीकडे जाईनात. बायको शुभांगी, बालवाडीत मदतनीस, दिवसभर उशाशी बसून असायची. तिच्याशीही ते बोलत नव्हते.

वॉर्डातल्या खिडकीशी एक जुना कॅरम बोर्ड होता. पेशंटांचा वेळ जावा म्हणून कुणीतरी दिलेला. एका सकाळी मी एका मुलीशी खेळत होते. म्हणजे ती जिंकत होती आणि मी सोंगट्या इकडच्या तिकडे करत होते. मागून आवाज आला.

"स्ट्रायकर असा धरतात? पोळी लाटताय का?"

दळवी पलंगावरून उठून आले होते. आपणहून, पहिल्यांदाच. मी मुद्दाम म्हटलं, "तुम्हाला येत असेल तर दाखवा."

दळवी चिडले की मालवणीत घसरायचे. "माका खेळूक येणा नाय असा वाटता काय तुमका?" म्हणत बसले. शुभांगी माझ्या कानाशी लागली, "मॅडम, कंपनीच्या टुर्नामेंटा जिंकलेत हे. कप आहेत घरी, माळ्यावर."

खेळ रंगात आला आणि नेमका कॅज्युअल्टीतून मला निरोप आला. मी उठले.

"असा मधेच डाव सोडतात?" दळवी म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी वैतागलेला होता.

आमच्या कामात अशा वैतागाची फार किंमत असते. ज्याला कशाचंच काही वाटेनासं झालंय, त्याला अर्ध्या डावाचं वाईट वाटलं. आमच्या शेलार सिस्टर, वॉर्डाच्या मुख्य, करड्या आवाजाच्या बाई. त्यांनी कपाटातून धुतलेली चादर काढली, बोर्डावर अलगद पसरली आणि सगळ्यांना दम भरला, "कोणी हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी राऊंडच्या आधी दळवींनी चादरीचं टोक उचलून आत बघितलं, हे मी दारातून पाहिलं.

तेव्हापासून मी डाव पूर्ण होऊ द्यायचेच नाही. रोज थोडं बोलणं, थोडा खेळ, आणि ऐन रंगात मी घड्याळाकडे बघून उठायची. बोलणंही तसंच, अर्ध्यावर. "ते टूलरूमचं उद्या सांगा." दुसऱ्या दिवशी ते तिथूनच सुरू करायचे. स्ट्रायकर हातात असला की बोलायचे, नसला की गप्प. भिंतीकडे बघत जे म्हणाले होते, त्याच्या मागचं सगळं त्यांनी मला सोंगट्यांवरची नजर न हलवता सांगितलं. "मॅडम, गेटवर बसलो की गाड्या जातात. मी फक्त बघतो. ह्या हातांनी मी डाय बनवल्यात, मशीनचे साचे." बोर्डाशी बसून हे ऐकताना मला माझा खेळ सुधारावासा वाटायचा.

डिस्चार्जच्या दिवशी मी वेळ साधली. ज्यांना कॅरम येत नाही त्यांच्यासाठी सांगते. बोर्डाच्या मधोमध एक लाल सोंगटी असते, राणी. ती घेतली की लगेच पुढच्या फटक्यात आपली एक सोंगटी घ्यावी लागते, त्याला कव्हर देणं म्हणतात. कव्हर चुकलं की राणी परत बोर्डावर मधोमध. दळवींनी राणी घेतली आणि मी उठले.

"कव्हर मंगळवारी."

"मॅडम, ही काय पद्धत झाली?"

"आमच्या हॉस्पिटलची पद्धत."

शेलार सिस्टरनी चादर घातली. शुभांगीनं घरी काय काय कुलपात ठेवलंय ते मला पुन्हा एकदा सांगितलं आणि दोघं गेली.

आता पुढचा प्रकार फक्त सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातच होऊ शकतो. सोमवारी मोठ्या साहेबांचा राऊंड आला. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे जे दिसेल ते आवरलं जातं. आमच्या वॉर्डातल्या मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयने, कामात कधी कसूर केली नव्हती, त्या दिवशीही केली नाही. चादर धुवायला गेली, सोंगट्या डब्यात गेल्या, बोर्ड कपाटामागे उभा राहिला. साहेबांनी वॉर्ड छान आहे म्हणून शाबासकी दिली.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं बोर्डाभोवती जमलो. मी, सिस्टर आणि चेहरा पाडून उभे असलेले मामा. "काळी इथे होती." "छे, तिथे तर पांढरी होती." "राणी तर नव्हतीच ना मॅडम?" "अहो, ती त्यांच्याकडे आहे!" भांडण ऐन रंगात असताना मी वर बघितलं. दारात दळवी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, मागे शुभांगी.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "दळवी, डाव मोडला. राऊंड होता, आवराआवर झाली."

त्यांचा चेहरा झरकन उतरला. "राहू दे मॅडम," ते म्हणाले. "साधा एक डाव नाही राहिला जागेवर." आणि वळले.

मला खरोखर भीती वाटली. माणूस वॉर्डात असतो तेव्हा त्याच्याभोवती दहा जण असतात. या दारातून तो पाठ फिरवून गेला तर पुढच्या मंगळवारी तो कशाला येईल? मला सुचलं ते बोलून गेले. "तुम्हाला आठवत असेल ना? मांडा की. आमचं तर तिघांचं तीन प्रकारे आहे."

ते थांबले. मग आले, बसले, डबा ओतला आणि एकेक सोंगटी ठेवू लागले. आम्ही तिघं बघत होतो. शेवटची पांढरी त्यांनी अगदी होलच्या तोंडाशी ठेवली. फुंकर मारली तरी पडेल अशी.

शेलार सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ओ दळवी! ही पांढरी इथे कुठे होती? ही मधे होती, काळीच्या मागे."

"इथेच होती."

"चादर मी घातली की तुम्ही? डोळे आहेत मला."

"सिस्टर, तुम्हाला कॅरममधलं काय कळतं?"

मागून शुभांगी तोंडाला पदर लावून खुदकन हसली. "अहो मॅडम, लग्न झाल्यापासून बघतेय. हा माणूस चिटिंग करतो. जिंकलेले अर्धे कप तसलेच असतील."

दळवींनी मान खाली घातली. मला वाटलं, दुखावले. पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. पकडल्या गेलेल्या शाळकरी पोरासारखे, आवाज न करता.

मी ते कधीच विसरणार नाही. माझ्या पुस्तकांत बरं होण्याच्या किती खुणा दिलेल्या आहेत, झोप, भूक, नजरेला नजर. लबाडी कुठेच दिलेली नाही. पण जो माणूस जिंकण्यासाठी सोंगटी सरकवतो, त्याला अजून काहीतरी हवंय, आणि मला त्या क्षणी तेवढंच पुरेसं होतं. सिस्टरनी पांढरी उचलून काळीच्या मागे ठेवली. दळवींनी तिथूनही ती घेतली. लबाडीची गरजच नव्हती. मग आम्ही तोच डाव पुढे खेळलो, आणि अर्थातच अर्धा ठेवला.

हे वाचून कॅरमनं माणसं बरी होतात असं कुणी समजू नये. दळवी औषधांनी, शुभांगीच्या पहाऱ्यानं आणि मंगळवारच्या बोलण्यानं बरे होत होते. कॅरम त्यांना फक्त दारापर्यंत आणत होता. आणि बरं होणंही सरळ रेषेत होत नाही.

एका दुपारी वॉर्डातल्या फोनवर मला बोलावलं. पलीकडे दळवी. नमस्कार नाही, काही नाही.

"मॅडम, बोर्ड आहे ना जागेवर?"

"आहे. चादर घातलेली आहे." त्यांचा आवाज मला बरोबर वाटला नाही. मी आमचा नेहमीचा प्रश्न विचारला. "दळवी, आत्ता मरावंसं वाटतंय का?"

"हो."

"घरात कोण आहे?"

"कोणी नाही. शुभांगी बालवाडीत."

"फोन ठेवू नका. दार उघडा आणि बाहेर जिन्यावर येऊन बसा. मी आहे." सिस्टरनी दुसऱ्या फोनवरून शुभांगीला गाठलं. तोवर मी बोलत राहिले. काय बोलले? डाव. कुठली सोंगटी कुठे आहे, ते चादर उचलून त्यांना सांगत होते. ते म्हणत होते, "नाही, तिला मारू नका, आधी डावीकडची घ्या." मग शुभांगीचा धापा टाकणारा आवाज ऐकू आला, आणि मी पहिल्यांदा खुर्चीत बसले. संध्याकाळी ते पुन्हा आमच्या वॉर्डात दाखल झाले. औषधं बदलली. काही आठवडे राहिले. त्यांनी आपणहून फोन केला होता, जसं ठरलं होतं तसं. याला मी उपचार यशस्वी होणं म्हणते.

नंतर मी त्यांना विचारलं, तेव्हा नेमकं काय झालं होतं? म्हणाले, "सगळं संपवावं असंच वाटत होतं. मग वाटलं, मंगळवारचं मॅडमना काय सांगायचं? म्हणून फोन केला. सुट्टी सांगायला केला असं समजा." आणि माझ्याकडे न बघता स्ट्रायकर मारला.

सगळ्यांनीच फोन केला असं नाही. एक पेशंट होती, तिच्यासोबतही डाव अर्धा होता. ती मंगळवारी आली नाही आणि मग कधीच आली नाही. तिच्या आईला भेटायला मी आणि शेलार सिस्टर गेलो होतो. त्या माउलीनं आम्हाला चहा दिला. तो डाव आम्ही बरेच दिवस मोडला नाही, मग एक दिवस सिस्टरनीच चादर काढली. याच्याविषयी मला एवढंच लिहिता येतं. तिची आठवण येते.

पण हिशेब मांडायला बसले तर माझ्या मनात कृतज्ञताच जास्त भरते. परक्या माणसाला मनातलं सगळ्यात काळं सांगायचं, तेही पालिकेच्या वॉर्डात, दोन खाटांमध्ये पडदा ओढून, याला केवढं धैर्य लागतं! त्यांनी ते मला सांगितलं. चारकोपच्या एका आजी अजून माझ्या वाढदिवसाला फोन करून ओरडतात, "अजून आहे गं मी!" मला याहून चांगली भेट कोण देणार?

दळवी पुढे एका आयटीआयमध्ये मुलांना फिटरचं काम शिकवू लागले. महिन्यातून एकदा औषधांसाठी यायचे, मंगळवारीच. थोडं बोलणं, थोडा खेळ, अर्धा डाव, चादर.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात ते आले. माझ्या जागी येणारी प्राजक्ता, तिशीतली, हुशार, जरा घाबरलेली, तिथे बसली होती. मला तिची काळजी नव्हती, दळवींची होती. आमच्या क्षेत्रात हे नेहमी होतं. डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट बदलला की पेशंट येणं बंद करतो. नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून कोण सांगणार? आणि दळवींच्या बाबतीत मला ते परवडणारं नव्हतं.

"दळवी, मी शुक्रवारी निवृत्त होतेय. आज डाव पूर्ण करू या. इतक्या वर्षांत एकदा तरी."

ते खेळू लागले. प्राजक्ता बघत होती, शेलार सिस्टर उभ्या होत्या. दळवींनी एकेक सोंगटी घेतली, मग राणी घेतली, सुरेख घेतली. कव्हरसाठी एकच पांढरी उरली होती, तीही अगदी होलच्या तोंडाशी. त्या पहिल्या मंगळवारी त्यांनी लबाडीनं ठेवली होती, तशीच. तेवढी पडली की डाव संपला.

त्यांनी स्ट्रायकर लावला, नेम धरला, आणि स्ट्रायकर पांढरीच्या बाजूनं सुळकन निघून गेला. सोंगटी हललीही नाही.

"अरेरे," दळवी म्हणाले.

"मुद्दाम चुकवलंत," सिस्टर म्हणाल्या. "बघितलं मी."

"वय झालं सिस्टर, हात राहिला नाही." त्यांनी राणी उचलली आणि नियमाप्रमाणे बोर्डाच्या मधोमध ठेवली. मग प्राजक्ताकडे बघितलं, खुर्ची पायानं तिच्या दिशेला सरकवली आणि स्ट्रायकर तिच्यापुढे ठेवला. "बस गं पोरी. मॅडमचा डाव आता तुझा. स्ट्रायकर पोळी लाटल्यासारखा धरू नकोस, एवढं लक्षात ठेव."

प्राजक्ता बसली. मी उठले. चादर घ्यायला कपाटाकडे वळले, तर दळवी न बघताच म्हणाले, "चादर एवढ्यात नको, मॅडम. खेळ चालू आहे."